येऊरच्या जंगलात पंधरा जणांना नेताना: निसर्गफेरीची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

थंडी पडू लागली की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो: ‘रविवारी सकाळी ८ वाजता उपवनला भेटू, येऊरला नेचर वॉक.’ पुढे काय होते तेही ठरलेले असते. माणसे जमेपर्यंत साडेआठ होतात. नऊला वनविभागाच्या नाक्यावर कळते की एवढ्या जणांना आत न्यायचे तर आधी विचारायला हवे होते. साडेनऊला ऊन चढते, पाखरे पानांत शिरून गप्प होतात. अकरा वाजता सगळे मिसळीच्या टेबलावर बसून म्हणतात, ‘येऊरमध्ये आता काही राहिलं नाही हो.’

खूप राहिले आहे. गेली काही वर्षे मी आमच्या आणि आजूबाजूच्या संकुलांतल्या लोकांना, शाळेतल्या मुलांना येऊरला घेऊन जाते. माझा अनुभव असा की फेरी फसते ती जंगलात नाही, आदल्या आठवड्यातच फसलेली असते. म्हणून या लेखात तयारीलाच जास्त जागा दिली आहे. जे स्वतः लोकांना घेऊन जाणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. क्रम बदलू नका. पुढची पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

१. आधी हंगाम, मग तारीख

बहुतेक जण सुट्टीचा दिवस बघून तारीख टाकतात आणि त्या दिवशी जे दिसेल ते बघू म्हणतात. हे उलटे करा. त्या महिन्यात जंगलात काय चालले आहे ते ठरवा आणि फेरीचा विषय तोच ठेवा.

जून ते ऑगस्टमध्ये पाणी, खेकडे, बुरशा, रानहळद आणि बाहेरून विणीसाठी आलेले नवरंग. पण या दिवसांत ओढ्याकाठची वाट पूर्णपणे वगळा. डोंगरावर पडलेला पाऊस आपल्या डोक्यावर न पडताही ओढ्यात उतरतो. पावसाळ्यात धबधब्यांवर जायला प्रशासनाची बंदीही वारंवार असते.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा नवख्यांसाठी सगळ्यात सोपा काळ. फुलपाखरे भरपूर, कोळ्यांची जाळी भरात, पायवाटेच्या दोन्ही अंगांना रानफुले. पक्षी दाखवण्याचे दडपण नसते.

डिसेंबर ते मार्च पक्ष्यांचा काळ. झाडांची पाने गळू लागलेली असतात, त्यामुळे पाखरू दिसते. जानेवारीच्या शेवटाकडून काटेसावर फुलते, मागोमाग पळस आणि पांगारा. एप्रिल-मे मध्ये बहावा आणि ताम्हण फुलतात, करवंदे आणि जांभळे पिकतात. पण उकाडा एवढा की साडेआठला परत फिरायची तयारी हवी.

वेळ सूर्योदयावर बांधा. जानेवारीत ठाण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. उजाडल्यापासूनचे पहिले दोन तास खरे. ‘सकाळी ८’ ही वेळ बारा महिने चुकीची आहे.

सावधान: संध्याकाळची फेरी नवख्या माणसाने नेऊ नये. उतरत्या उजेडात मुले मागे रेंगाळतात आणि ती वेळ बिबट्याच्या हालचालीची असते.

२. परवानगी आणि पाड्यावरचा सोबती

येऊर म्हणजे बागेसारखी मोकळी जागा नव्हे. ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे एक परिक्षेत्र आहे. कान्हेरीची लेणी ज्या जंगलात आहेत, तेच जंगल ठाण्याच्या बाजूने इथे उतरते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ इथे लागू आहे. गटाने आत जायचे तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा. त्यात माणसांची संख्या, मुले किती, तारीख, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ, कोणती वाट आणि जबाबदार व्यक्तीचा मोबाइल नंबर एवढे असले की पुरते. निदान १० दिवस आधी द्या. अर्जाची पोच घ्या आणि परवानगी मिळाली की तिची छापील प्रत जवळ ठेवा, कारण नाक्यावर मोबाइलचा फोटो दाखवताना पाच माणसे पाच फोटो शोधत बसतात.

नेहमी होणारी चूक अशी की परवानगी एका वाटेची घेतली जाते आणि तिथे गेल्यावर कोणीतरी म्हणते, ‘जरा पुढे धबधब्यापर्यंत जाऊ या.’ जायचे नाही. अर्जातल्या वाटेबाहेर तुम्ही परवानगी नसलेला गट होता. येऊरला हवाई दलाचे केंद्रही आहे. त्याच्या आसपास फोटो काढायचे नाहीत आणि ड्रोन तर घरातूनच न्यायचा नाही.

आता सोबती. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचापाडा या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे आहेत. त्यांच्यातला एक जण बरोबर असल्याशिवाय मी गट नेत नाही. पुस्तकातून मला झाडाचे नाव कळते. आज त्या झाडाकडे जायचे की नाही, हे त्यांना कळते. एकदा सगळी तयारी झालेली, मुले रांगेत उभी, आणि आमच्या सोबतचे काका पुढे जाऊन परत आले. म्हणाले, ‘ताई, आज वरच्या अंगानं नको. रात्री कुत्रं नेलंय तिथनं.’ आम्ही खालची वाट घेतली. हे मला कुठल्याच ॲपवर कळले नसते.

त्यांचा मोबदला आधी ठरवा आणि ठरला तेवढा त्याच दिवशी हातात द्या. ‘तुम्हाला काय, रोजचंच आहे’ असे म्हणून शंभराची नोट पुढे करणारे लोक मी पाहिले आहेत. सकाळचे चार तास म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी जाते. आणि गटासमोर त्यांची ओळख नावाने करून द्या, ‘आपल्याला वाट दाखवणारे’ म्हणून.

तपासा: परवानगी मिळाली का? नाका किती वाजता उघडतो? सोबती कुठे भेटणार? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय ग्रुपवर तारीख टाकू नका.

३. पाहणी: हीच खरी फेरी

फेरीच्या आधी चार ते सात दिवस, त्याच वेळी, त्याच वाटेने एकदा चालून या. महिन्यापूर्वीची पाहणी उपयोगाची नाही. जंगल आठवड्यात बदलते: फुललेली सावर झडून जाते, मोकळी वाट माजलेल्या गवताने बुजते, जिथे बसायचे ठरवले त्या फांदीला मोहोळ लागलेले असते.

पाहणीला वही, पेन्सिल आणि घड्याळ एवढेच न्या. ज्या जागी गट थांबवायचा त्या जागेला आम्ही ‘थांबा’ म्हणतो. दीड किलोमीटरच्या वाटेवर सात-आठ थांबे पुरतात. जाऊन येऊन तीन किलोमीटर आणि तीन तास, एवढाच हिशेब ठेवा. पहिल्यांदा नेणारे सगळे इथे चुकतात आणि सहा-सात किलोमीटर आखतात. मग शेवटचे चार किलोमीटर माणसे नुसती घाम पुसत, मोबाइलमध्ये पावले मोजत चालतात.

थांबा निवडताना तीन गोष्टी बघा. पंधरा माणसे वाट न अडवता उभी राहतील एवढी सपाट जागा आहे का? सकाळचे ऊन त्यांच्या पाठीवर येईल का? आणि प्राणी-पक्षी दिसला नाही तरी दाखवता येईल असे काही तिथे आहे का? तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पाखरू उडून जाते, झाड जात नाही. म्हणून प्रत्येक थांबा न हलणाऱ्या गोष्टीवर बांधा आणि पाखरू आले तर तो वरचा लाभ समजा.

माझ्या वहीतले काही थांबे सांगते, म्हणजे कल्पना येईल.

ऐनाचे खोड. साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. हात लावून बघायला सांगते. मग शेजारचा कांडोळ दाखवते: पांढरट, गुळगुळीत, कागदासारखी सोलणारी साल, आणि उन्हाळ्यात अंगावर एक पान नाही. दोन्ही एकाच मातीत उभे. लहान मुले हे दोन्ही आयुष्यभर विसरत नाहीत.

सागाचे जाळीदार पान. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सागाची झाडेच्या झाडे करपल्यासारखी दिसतात. लोकांना वाटते रोग पडला किंवा पाऊस कमी झाला. खाली पडलेले एक पान उचला आणि उजेडासमोर धरा. शिरा सगळ्या जागेवर, मधला हिरवा गर तेवढा गायब. बारीक विणीच्या जाळीसारखे पान. हे एका पतंगाच्या अळीचे काम. साग मरत नाही, पुढच्या हंगामात पुन्हा पालवतो. पान पुन्हा जिथले तिथे ठेवा.

मुंग्यांचा गोळा. झाडाच्या फांदीवर शेण थापल्यासारखा काळपट तपकिरी गोळा दिसला तर जवळ न जाता दुर्बिणीतून दाखवा. ते मुंग्यांचे घर. तांबडा सुतार पक्षी याच मुंग्या खातो आणि अंडी घालायला याच घरात भोक पाडतो. हे ऐकल्यावर मोठी माणसेही पाच मिनिटे हलत नाहीत.

फुललेली काटेसावर. फेब्रुवारीत हिच्यासाठी २० मिनिटे राखून ठेवा. पाने एकही नाही, नुसती लाल जाड पाकळ्यांची फुले. बुलबुल, कोतवाल, मैना, पळसमैना, शिंजीर, एकामागून एक येत राहतात. गटाला खाली, जरा लांब बसवा आणि अर्ध्या जणांना फक्त वर, अर्ध्यांना फक्त जमिनीवर बघायला सांगा. खाली पडलेल्या फुलांवरही बरेच काही चाललेले असते.

उंबर किंवा वड, फळांवर असताना. आपला राज्यपक्षी हरियाल इथे भेटण्याची शक्यता जास्त. पण तो पानांच्याच रंगाचा, आणि निवांत बसतो. त्यामुळे दिसत नाही म्हणून पुढे निघू नका. फांदी हलते कुठे ते बघत थांबा.

प्रत्येक थांब्यापुढे मिनिटे लिहा. शेवटी बेरीज करा. चालण्याचा वेळ धरून तीन तासांच्या वर जात असेल तर एक थांबा काढून टाका. जीवावर येते, पण काढा.

पाहणीत धोक्याच्या जागाही टिपा: मोहोळ, खाजकुइलीचा वेल, निसरडा उतार, मोबाइलची रेंज जाते ती जागा आणि पुन्हा येते ती जागा. शेवटची नोंद लोक विसरतात आणि नेमकी तीच अडीअडचणीला लागते.

४. माणसे किती आणि त्यांना कळवायचे काय

एका माहितगारामागे १५ माणसे. मुले असतील तर १२, आणि दर चार मुलांमागे एक मोठा माणूस. यावर तडजोड नाही. सुरुवातीच्या काळात मी एकदा ३८ जणांना घेऊन गेले, कोणाला नाही म्हणवले नाही म्हणून. रांग इतकी लांबली की पुढचे भृंगराज पक्षी बघत होते तेव्हा मागचे दोघे ओढ्याच्या आवाजाकडे वळले होते. ते सापडेपर्यंत ४० मिनिटे गेली. ती ४० मिनिटे मला अजून आठवतात. नावे जास्त आली तर दोन रविवार करा.

निरोप एकच पाठवा, पूर्ण पाठवा आणि दोन दिवस आधी पाठवा. तुकड्यातुकड्याने पाठवलेली माहिती ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली गाडली जाते. मी साधारण असा लिहिते:

‘रविवारी सकाळी ६.३० ला उपवन तलावाजवळ. ६.४५ ला निघू, थांबणार नाही. ९.४५ ला परत नाक्यावर. चालणे ३ किमी, चढ थोडा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, मातकट किंवा हिरवट रंग. पांढरा, लाल, भडक पिवळा नको. पकड असलेले बूट, चप्पल नको. दीड लिटर पाणी घरच्या बाटलीत. सुका खाऊ डब्यात. अत्तर, परफ्यूम, डिओ लावू नका. स्पीकर नको. दमा, हृदयविकार, मधमाशीच्या चाव्याची ॲलर्जी असल्यास मला एकटीला मेसेज करा. घरून नाश्ता आणि स्वच्छतागृह उरकून या, आत सोय नाही.’

शेवटचे वाक्य लिहायला संकोच वाटतो, पण ते नसले तर बायकांचे फार हाल होतात. नक्की लिहा.

ठाणे स्टेशनहून येऊरला टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस जाते, पण रविवारी पहिली बस किती वाजता हे आदल्या दिवशी बघून घ्या. रिक्षाने उपवनपर्यंत येणे सोपे. गाड्यांचा ताफा वर नेऊ नका. चार गाड्या एकदम थांबल्या, दारे आपटली, की पहिल्या थांब्यावरचे सगळे उडून गेलेले असते.

तपासा: आदल्या संध्याकाळी सगळ्यांकडून ‘येतो/येत नाही’ घ्या. अर्जातल्या आकड्यापेक्षा एकही जास्त नको.

५. तुमची पिशवी

शिट्टी, छापील परवानगी, सहभागी लोकांची यादी आणि प्रत्येकाच्या घरच्यांचा एक नंबर. प्रथमोपचारात बँडेज, क्रेप पट्टी, जंतुनाशक, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे, कॅलामाइन लोशन आणि रुंद चिकटपट्टी. चिकटपट्टी कशाला ते पुढे येईल. एक दुर्बीण, ८ बाय ४२ ची. जंगलात १० पट किंवा त्याहून मोठी घेतली तर हात थरथरतो आणि प्रतिमा नाचते. एक लहान भिंग. कचऱ्यासाठी कापडी पिशवी. बस.

पक्ष्यांची पुस्तके चार-चार नेऊ नका. गट पुस्तकात डोके घालून उभा राहतो आणि पक्षी समोरून निघून जातो.

६. नाक्यावरची पंधरा मिनिटे

इथे घाई करणारे पुढे तासभर त्याची किंमत मोजतात. क्रम असा ठेवा.

पहिली गोष्ट मोजणी. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक परत येईपर्यंत. दर थांब्यावर एकदा १ पासून १५ पर्यंत हळू आवाजात मोजून घ्यायचे. मुलांना हे फार आवडते.

दुसरी गोष्ट, शेवटचा माणूस ठरवा. शांत, चालायला सवयीचा. त्याच्या मागे कोणी राहायचे नाही, तुमच्या पुढे कोणी जायचे नाही.

तिसरी गोष्ट खुणा. मूठ वर म्हणजे जागच्या जागी थांबा. हात खाली दाबला म्हणजे बसा. बोट ओठांवर हे सगळ्यांना येतेच. शिट्टी फक्त संकटात, एरवी नाही.

चौथी गोष्ट दुर्बीण लावायला शिकवणे. ही मी कधीच वगळत नाही. जंगलात पक्षी समोर असताना ‘मला काळंच दिसतंय’ म्हणणारा एक तरी असतो आणि त्याचा अख्खा दिवस जातो. नाक्यावरच्या एखाद्या पाटीवर सराव घ्या:

अ) दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ होईपर्यंत बसवा.
आ) चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत वळवा, नसेल तर बाहेर ठेवा. बहुतेकांना काळे दिसते ते यामुळेच.
इ) उजवा डोळा मिटा, मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा.
ई) आता डावा मिटा आणि उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्याला स्पष्ट करा. ही कडी त्या माणसासाठी पुन्हा हलवायची नाही. पुढे फक्त मधले चाक.
उ) नजर पाखरावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. दुर्बीण आधी लावून मग पाखरू शोधणारा ते गमावतोच.

दुर्बिणी कमी असतील तर डोळे प्रत्येकाचे वेगळे, हे सांगून दोघादोघांच्या जोड्या करा.

शेवटी नियम, तीनच. काही तोडायचे नाही, काही उचलून न्यायचे नाही, काही टाकायचे नाही. पीस, शंख, बी, दगड, काहीही. राष्ट्रीय उद्यानातून वस्तू उचलून नेणे कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांच्या आईवडिलांना सांगा. मुले आधीच ऐकतात.

७. चालताना

पहिले दहा मिनिटे कोणी काही बोलायचे नाही. तुम्हीही. शहराचा वेग पायांतून उतरायला एवढा वेळ लागतो. गाडीचा आवाज मागे पडला की गट थांबवा, डोळे मिटायला सांगा आणि एक मिनिट किती वेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायला लावा. तांबटाचा ठोका, टकाचोराचा चिरका आवाज, सातभाईंचा कलकलाट, पाड्यावरचा कोंबडा, लांबून लोकल किंवा हायवेची घरघर. पहिल्यांदा बहुतेकांचे तीन-चार होतात. परत येताना तीच जागा, तोच खेळ. आकडा दुप्पट होतो.

बोलताना आधी थांबा, मग सगळे येऊ द्या, अर्धवर्तुळ होऊ द्या, मग तोंड उघडा. चालता चालता दिलेली माहिती पहिल्या चौघांनाच ऐकू येते. उन्हाकडे तोंड तुम्ही करा, लोकांची पाठ उन्हाला राहू द्या.

जागा दाखवताना ‘ते बघा, तिकडे, तिकडे’ याचा काही उपयोग नाही. आधी सगळ्यांना दिसेल असे झाड सांगा, मग घड्याळाची दिशा: ‘पांढऱ्या खोडाचा कांडोळ दिसला? त्याच्या शेंड्याला १२ धरा. ३ वाजता आडवी फांदी आहे, तिच्या टोकाला.’ बोट उंचावून नाचवू नका; हात छातीपर्यंतच.

नाव लगेच सांगून टाकू नका. नाव कळले की माणूस बघायचे थांबवतो. शेपूट लांब की आखूड, चोच कशी, फांदीवर उभा बसतो की आडवा, एवढे लोकांकडून काढून घ्या आणि मग म्हणा: शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसाचे पाते, हा भृंगराज, आणि आत्ता जो शिक्र्यासारखा ओरडला तोही हाच, नकला करतो. माहीत नसेल तेव्हा ‘मला माहीत नाही, बघून सांगते’ म्हणा आणि वहीत लिहा. थाप मारली तर सोबतच्या काकांना कळतेच, आणि मुलांनाही कळते.

सावधान: मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो पक्षी घरटे सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडायला येतो. घरटे दिसले तर पाय न थांबवता पुढे चला, फोटोही नको आणि ग्रुपवर जागाही नको.

पावसाळ्यानंतर पुढे चालणाऱ्याने हातात एक वाळकी काडी धरावी, पण जाळी तोडायला नव्हे. वाटेवर तोंडाच्या उंचीला मोठ्या रानकोळ्याची, म्हणजे जायंट वुड स्पायडरची, जाळी असतात. तळहाताएवढी मादी मधोमध, आणि ऊन तिरपे पडले की धागा सोन्यासारखा पिवळा दिसतो. काडीने जागा दाखवा आणि सगळ्यांना वाकून खालून जाऊ द्या. त्याच जाळ्यात कोपऱ्याला नखाएवढे काहीतरी दिसेल. तो नर. भिंग काढायची वेळ हीच.

पाड्यातून जाताना आवाज खाली आणि कॅमेरे आत. अंगण म्हणजे कोणाचे तरी घर. फोटो हवा असेल तर विचारा, नको म्हणाले तर विषय संपला. मुलांना चॉकलेटे वाटू नका आणि माकडांना तर काहीच नाही.

८. चार संकटे आणि तेव्हा करायच्या गोष्टी

खाजकुइली. डिसेंबरनंतर वाटेकडेला वेलीवर वाकड्या, सोनेरी-तपकिरी लव असलेल्या शेंगा लोंबतात. मखमलीसारख्या दिसतात म्हणून मुले हात लावतातच. हात लावावा लागतो असेही नाही, वाऱ्याने उडालेली लवही पुरते. आग झाली की लोक पहिली गोष्ट करतात ती चोळण्याची, आणि तिनेच लव कातडीत रुतते. चोळू नका. चिकटपट्टी हलक्या हाताने ठेवून उचला, दर वेळी नवा तुकडा. लव निघाली की साबणपाण्याने धुवा आणि कॅलामाइन लावा. डोळ्यांना हात लावू देऊ नका. ते कपडे घरी वेगळे धुवायला सांगा.

आग्या मोहोळ. दिसले तर निमूट मागे फिरा. अत्तर नको म्हणाले ते यासाठी. उठलेच तर हात झटकत उभे राहू नका, तोंड-डोळे कापडाने झाका आणि आल्या वाटेने लांब पळा, गाडी किंवा बंद खोली मिळेपर्यंत. पाण्यात उडी मारू नका. माशा वर वाट बघतात.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, हे चारही आपल्या भागात आहेत. पाय टाकताना बघणे आणि दगड-ओंडक्यावर न बघता न बसणे, एवढ्यात बहुतेक धोका टळतो. दंश झालाच तर चिरायचे नाही, चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही. अंगठ्या, बांगड्या, बूट काढा; हात किंवा पाय लाकडाला बांधून स्थिर ठेवा; माणसाला चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन. कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे हे फेरीच्या आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयापासून सुरुवात करा. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका.

बिबट्या. दिसण्याची शक्यता फार थोडी. दिसला तर मुलांना मध्ये घ्या, गट एकत्र, कोणी खाली वाकायचे किंवा बसायचे नाही, पळायचे नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे या. त्याची वाट मोकळी ठेवा. मोबाइल बाहेर काढणारा माणूस गटापासून सुटतो, म्हणून फोटो नाही. बाहेर आल्यावर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वणवा दिसला तरी हाच क्रमांक.

९. परतीची वाट

परत फिरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटे आधी वळा. परतताना नवे काही शिकवू नका. लोकांना रेंगाळू द्या, आवाजांचा खेळ पुन्हा घ्या. नऊनंतर ऊन तापले की आकाशाकडे लक्ष ठेवा. सर्पगरुड घिरट्या घालायला याच वेळी वर चढतो आणि त्याची शीळ खाली स्पष्ट येते.

नाक्यावर शेवटची मोजणी. १ ते १५, सगळे आकडे ऐकू आले पाहिजेत. बाहेर पडल्याची वेळ नाक्यावर सांगा. काकांचा मोबदला इथेच, सगळ्यांसमोर.

मग दहा मिनिटे बसा आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारा: आज काय बघितले, जे आधी कधी बघितले नव्हते? उत्तरे वहीत लिहून घ्या. पक्ष्यांची यादी त्याच दुपारी पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी आठवण पातळ होते. ‘बघून सांगते’ म्हटलेल्या प्रश्नांची उत्तरे दोन दिवसांत ग्रुपवर टाका. अर्जाच्या प्रतीवर मागे काय दिसले, वाटेत कुठे कचरा होता, कुठे झाड पडून वाट अडली आहे, एवढे चार ओळींत लिहून वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन या. पुढच्या वेळी तुमचा अर्ज तिथल्या लोकांच्या ओळखीचा असतो.

मागच्या फेरीत सात वर्षांच्या एका मुलीने सांगितले, ‘पानाची जाळी. मी घरी नेली नाही, तिथेच ठेवली.’ तिच्या नावापुढे वहीत मी पुढच्या पाहणीची तारीख लिहिली आहे. तिला आणि तिच्या आजीला त्या दिवशी बरोबर नेणार आहे.